मागचा तंग : बदामीच्या पोटाखालची चार बोटं

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी माझी भाची घोडीवरून पडली आणि तिचं डावं मनगट मोडलं. टेक्सासमध्ये बँडेरा गावाच्या नैऋत्येला हिल कंट्री स्टेट नॅचरल एरिया आहे. पाच हजार एकरांहून मोठा चुनखडीच्या टेकड्यांचा हा मुलूख घोड्यावरच्या रपेटीसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या एका खडकाळ उतरणीवर हे घडलं. घोडी माझी, खोगीर माझं, आणि खोगीर कसण्याची जबाबदारीही माझीच होती.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकच कारण सांगितलं : घोडी बिथरली. मला ते पटेना. बदामी नऊ वर्षांची, क्वार्टर हॉर्स या अमेरिकन जातीची, १४.३ हँड (म्हणजे चार-चार इंचांचे चौदा हँड आणि वर तीन इंच) उंच, दोन वर्षं माझ्याकडे आहे. हरणं पायांतून पळाली, ओढ्यात पाय घसरला, मोटारसायकली शेजारून गेल्या, तरी ती बिथरली नाही. मग त्याच दिवशी, त्याच ठिकाणी का? उत्तर शोधायला मला तीन आठवडे लागले, आणि ते तिच्या पोटाखाली लटकणाऱ्या एका चामडी पट्ट्यात सापडलं.

आधी शब्दांचं सांगते. माझ्या आजोबांचा मिरजेत टांगा होता. घोड्याच्या पोटाखालून आवळायच्या पट्ट्याला ते तंग म्हणत, आणि तंग बघितल्याशिवाय टांग्यात पाय टाकत नसत. वेस्टर्न, म्हणजे अमेरिकन गुराख्यांच्या धाटणीच्या, खोगिराला बहुधा असे दोन तंग असतात. पुढचा खोगिराला घोड्याशी बांधून ठेवतो. तो बहुधा मोहेरच्या, म्हणजे अंगोरा बकरीच्या लोकरीच्या, दोऱ्यांचा असतो आणि लाटिगो नावाच्या लांब वादीने आवळतात. दुसरा रुंद चामड्याचा, खोगिराच्या मागच्या कड्यांतून खाली येणारा. इथले लोक त्याला बॅक सिंच किंवा फ्लँक सिंच म्हणतात. सिंच हा शब्द स्पॅनिश सिंचावरून आलेला. मी मात्र पुढचा तंग आणि मागचा तंग असंच म्हणेन, कारण तंग म्हटलं की तो कसायचा असतो हे कानालाच कळतं.

त्या सकाळी

दोन वर्षं मी बदामीवर एक जुनं, हलकं खोगीर घालत होते. त्याला एकच तंग होता. ऑगस्टमध्ये मी एक वापरलेलं रोपिंग सॅडल घेतलं. त्याचं चामडं जाड, सांगाडा मजबूत आणि बैठक खोल. गुरांना फास टाकणाऱ्यांसाठी बनवलेलं असल्यामुळे त्याला दोन तंग होते. पुढचा तंग झिजला होता, म्हणून मी नवा बसवला. मागचा ठीक दिसला, तो तसाच राहू दिला.

भाची सॅन अँटोनियोत शिकते, सुट्टीला माझ्याकडे येते. त्या सकाळी ट्रेलरपाशी तीच खोगीर चढवत होती. पुढचा तंग नीट आवळून झाल्यावर तिने वाकून मागचा हातात घेतला.

"मावशी, हा मागचा आवळू का गं?"

"राहू दे. शेवटच्या भोकात घाल नुसता. तिथं पोट मऊ असतं, उगाच टोचेल तिला."

मी हे शब्द जसेच्या तसे लिहिते आहे, कारण सगळं प्रकरण त्यांतच आहे. मी घोडीवर दया करत होते असं मला वाटत होतं.

साडेदहाच्या सुमाराला आम्ही एका टेकडीवरून उतरायला लागलो. भाची पुढे, मी माझ्या दुसऱ्या घोड्यावर पंधरा-वीस फूट मागे, माझ्यामागे एक मैत्रीण. वाट अरुंद, पायऱ्यापायऱ्यांसारखे चुनखडीचे थर, दोन्ही बाजूंना सीडरची झुडपं. उतार तीव्र झाला तसं खोगिराचं मागचं टोक बदामीच्या पाठीवरून दर पावलाला उचललं जाऊन पुन्हा बसताना मला दिसत होतं. मागचा पट्टा पाळण्यासारखा हलत होता. हे मी पाहिलं आणि त्याचा काहीच अर्थ लावला नाही.

मग एक गोमाशी तिच्या पोटावर बसली. घोडी माशी उडवायला करते तेच तिने केलं : उजवा मागचा पाय पोटाकडे झटकला. पण पाय परत खाली आला नाही. खूर पट्टा आणि पोट यांच्यामधल्या फटीतून आत गेला होता. ती तीन पायांवर दोन पावलं खुरडली, तिचा मागचा भाग खाली बसला आणि पाय सुटला. तिथंच थांबलं असतं तर निभावलं असतं. पण पायाने ओढलेला पट्टा मागे सरकून कुशीपर्यंत, मांडीच्या पुढच्या नाजूक भागापर्यंत गेला होता. तिने डोकं पुढच्या पायांत घातलं, पाठीची कमान केली आणि उसळ्या मारायला सुरुवात केली. भाचीने दोन उसळ्या मांड टिकवली. तिसरीला ती डाव्या बाजूला दगडांवर पडली. डोक्यावर हेल्मेट होतं.

"मावशी, हात गेला वाटतं."

"हलवू नकोस, बाळा. बस तशीच."

मैत्रीण तिच्यापाशी थांबली. बदामी खाली दोनशेक फुटांवर एका झुडपाशी जाऊन थांबली होती, थरथरत, पट्टा अजून कुशीतच. आणि इथं मी दुसरी चूक केली. तिला लवकर मोकळं करावं म्हणून मी सवयीने पुढचा तंग सोडला. लाटिगो सुटताच जड खोगीर पलीकडच्या बाजूला कलंडलं आणि मागच्या पट्ट्यावर लोंबकळत तिच्या पोटाखाली गेलं. तिने माझ्या हातातला दोर हिसकला, माझा तळवा सोलून निघाला, आणि ती पोटाखालच्या खोगिराला लाथा झाडत गोल फिरू लागली. शेवटी पलीकडच्या बाजूची चामडी पट्टी भोकापाशी टरकन फाटली आणि खोगीर जमिनीवर पडलं. एका रिकिबीचं लाकूड फुटलं होतं. बदामीच्या उजव्या मागच्या पायाला खुराच्या वर खरचटलं होतं. ती वाचली ती चामडं फाटलं म्हणून. माझं त्यात काही कर्तृत्व नाही.

खोगीर टेबलावर

रविवारी रात्री भाची हाताला प्लॅस्टर घालून झोपली होती. मी खोगीर स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून ठेवलं आणि दिव्याखाली बघायला बसले.

मागच्या तंगाची आतली बाजू, जी पोटाला लागते ती, बोटाने पुसली तर तीवर पांढरट चुनखडीचा अर्धा चंद्र उमटलेला होता. नालेचं टोक. त्यात एका ओळीत खिळ्यांच्या डोक्यांच्या तीन खाचा. म्हणजे पाय आत गेल्याचा मला भास झाला नव्हता. नाल पट्ट्याच्या आतल्या अंगाला पूर्ण टेकली होती.

दुसरी गोष्ट भोकांची. खोगिराच्या कड्यांतून खाली येणाऱ्या ज्या पट्ट्यांना मागचा तंग बकलाने जोडतात, त्यांना ओळीने भोकं असतात. आम्ही टोकाचं भोक वापरत होतो. ते गोल, कोवळं, जणू आजच पाडलेलं. चौथं भोक मात्र लंबगोल झालं होतं, कडा गुळगुळीत, भोवतीचं चामडं काळपट. आधीच्या मालकाचा घोडा वेगळा, त्याचं पोट वेगळं, हे मान्य. पण भोक लंबगोल व्हायला ताण लागतो, आणि लटकत्या पट्ट्याला ताण नसतो. ज्याला या पट्ट्याचा उपयोग माहीत होता, तो माणूस हा पट्टा कसत होता.

तिसरी गोष्ट मी जवळजवळ चुकवली होती. माझ्या नव्या पुढच्या तंगाच्या मधोमध, बरोबर पोटाखाली येईल अशा जागी, एक छोटं धातूचं कडं होतं. चकचकीत, एकही ओरखडा नाही. मागच्या तंगाच्या मध्यावरही तसंच कडं, पण झिजलेलं. या दोन कड्यांना जोडणारी एक आखूड वादी असते. मी उठून गॅरेजमधलं खोकं उपसलं, ज्यात ऑगस्टमध्ये काढलेला जुना पुढचा तंग टाकला होता. वादी त्यालाच लोंबत होती, सुमारे एक वीत लांब. नवा तंग बसवताना मी तिला फालतू समजून जुन्या सामानाबरोबर फेकलं होतं. ती असती तर पट्टा कुशीपर्यंत मागे जाऊच शकला नसता.

सकाळी ट्रेलरपाशी भाचीने काढलेला एक फोटोही होता. तो मोठा करून पाहिला. बदामीचं पोट आणि पट्टा यांच्यामधून पलीकडचं गवत दिसत होतं. नंतर तेच भोक, तीच घोडी, सपाट जमीन अशी जुळणी करून मी फट मोजली. माझी चार बोटं आडवी सहज जात होती, तीन इंच.

शेजारच्या रँचवर एक वयस्क गृहस्थ आहेत. त्यांनी आयुष्यभर गुरं राखली, फास टाकले. त्यांना बोलावलं. त्यांनी काही न बोलता त्या फटीत आपली मूठ घातली, बाहेर काढली, आणि म्हणाले की तुम्ही घोडीसाठीच एक रिकीब टांगून ठेवली होती. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, जो मी स्वतःला विचारला नव्हता : या घोडीच्या पोटाला मागचा पट्टा याआधी कधी लागला होता का? नव्हता. माझ्याकडे तरी नव्हता.

हा तंग असतो कशासाठी

माझ्या चुकीच्या मुळाशी एक गैरसमज होता, आणि तो अनेकांचा असतो. मला वाटायचं की मागचा तंग म्हणजे जादाचा पुढचा तंग. पुढचा सुटला तर खोगीर धरून ठेवायला. तसं नाही. पुढचा सुटल्यावर मागचा काय करतो ते मी उतरणीवर पाहिलं.

खोगीर ही एक तरफ आहे. रोपिंग सॅडलमध्ये पुढच्या तंगाची कडी बरीच पुढे, शिंगासारखा उंच खुंट जिथून निघतो त्याच्या बरोबर खाली किंवा किंचित मागे असते. म्हणजे खोगीर पुढच्या टोकाशी बांधलेलं आणि मागचं टोक मोकळं. आता खुंटाला दोर बांधलेला आहे आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला पळता गोऱ्हा आहे असं समजा. तो दोराच्या टोकाला पोचला की खुंट पुढे आणि खाली खेचला जातो, आणि मागचं टोक स्वारासकट वर उचललं जातं. सांगाड्याची पुढची टोकं घोड्याच्या खांद्यांत रुततात. मागचा तंग हे मागचं टोक खाली धरतो. त्याचं मुख्य काम एवढंच.

उतारावर दोराऐवजी उतारच तेच करतो, हळू आणि सौम्यपणे. खोगीर पुढे झुकतं, मागचं टोक उचलतं, आणि मांड सैल झालेला स्वार नकळत अजून पुढे जातो. पण इथं एक फरक लक्षात घ्यायलाच हवा. मागचा तंग खोगिराला पुढे घसरण्यापासून थांबवत नाही, फक्त उचलण्यापासून थांबवतो. पुढची घसरण थांबवायला शेपटीखालून जाणारी दुमची लागते, किंवा खेचरांना घालतात तशी मागच्या मांड्यांभोवतीची ब्रिचिंग. छातीवरचा पट्टा चढावर मागची घसरण थांबवतो. ही तीन वेगळी कामं आहेत.

टेक्सासच्या खोगिराला दोन तंग का आले, याला इथलं रान कारण आहे. दक्षिण टेक्सासचं काटेरी झुडपी रान दाट. त्यात लांब दोर फिरवायला जागा नाही आणि गुरू डोळ्याआड व्हायला क्षण लागत नाही. म्हणून इथले गुराखी आखूड दोर वापरत आणि त्याचं टोक खुंटाला पक्कं बांधून टाकत. सगळा हिसका खोगिराने सोसायचा, म्हणजे मागे दुसरा तंग हवाच. कॅलिफोर्नियातल्या स्पॅनिश परंपरेच्या गुराख्यांकडे मोकळी मैदानं होती. ते कच्च्या चामड्याचा लांबच लांब दोर वापरत आणि तो खुंटाला बांधण्याऐवजी वेढे देऊन हवा तसा सरकू देत. हिसका मऊ व्हायचा, त्यामुळे त्यांचं खोगीर मधोमध एकाच तंगावर भागे. खोगीर बघून माणूस कुठला ते सांगता येई. बँडेरा हे तर ग्रेट वेस्टर्न ट्रेलवरचं गाव. १८७० च्या दशकात उत्तरेकडे जाणारे गुरांचे तांडे इथून हलले. माझ्या टेबलावरचं खोगीर त्या जातकुळीतलं होतं, आणि त्याचा अर्धा अर्थ मी शेवटच्या भोकात लटकवून ठेवला होता. आमच्या सामानात तो पट्टा निव्वळ खोगीरभरती झाला होता.

एक साधी चाचणी त्या गृहस्थांनी दाखवली. बदामी सपाट जमिनीवर उभी, पुढचा तंग नीट आवळलेला. एका हाताने खोगिराची मागची कड धरून वर उचलायची. मागचा तंग नसताना कड दोन इंच वर आली. तो पोटाला टेकेल इतका लावल्यावर अर्धा इंचही आली नाही. आणि शेवटच्या भोकात लटकता असताना? पुन्हा दोन इंच. लटकता पट्टा उपयोग शून्य करतो आणि धोका पूर्ण देतो.

किती कसायचा

पुढचा तंग छातीच्या हाडावर बसतो, म्हणून तो घट्ट चालतो. मागचा त्याच्या मागे, जिथे पोट श्वासाबरोबर हलतं तिथे येतो. म्हणून तो पुढच्याइतका कधीच घट्ट नसावा. रोज फास टाकणारे लोक तो बराच आवळतात. नुसत्या रपेटीला काही जण एक बोट जागा ठेवतात. मी आता ठरवलं आहे ते असं : घोडी सरळ उभी असताना पट्टा सगळीकडे केसांना टेकलेला हवा, वाकून पाहिलं तर मधून उजेड दिसता कामा नये, आणि तरीही तळहात सपाट ठेवून आत सरकवता यायला हवा. बोटं उभी करावी लागली तर तो सैल आहे. तळहात अडला तर घट्ट आहे.

जोडवादीचं मापही महत्त्वाचं. मागचा तंग खोगिराच्या मागच्या कडीतून सरळ ओळंब्यासारखा खाली यायला हवा. वादी लांब असली तर तो मागे झुकतो. आखूड असली तर पुढच्या तंगाला मागे किंवा मागच्याला पुढे खेचते. बदामीला माझी जुनी वादी एक भोक आखूड करावी लागली. तिची पाठ तोकडी आहे.

खोगीर मुळात तिला बसतं का, हेही तपासलं. बसत नसलेलं खोगीर मागच्या तंगाने दाबून बसवणं हा घोड्यावर अन्याय आहे. तासभर चालवून खोगीर काढलं तर पाठीवर घामाचा ठसा दोन्ही बाजूंना सारखा ओला होता, मध्ये कोरडे डाग नव्हते. खोगिराचा भार शेवटच्या, अठराव्या बरगडीच्या पुढेच संपत होता. पशुवैद्यांनी पाठ दाबून पाहिली, दुखरं काही निघालं नाही. तेव्हा दोष खोगिराचा नव्हता.

मग दोनच मार्ग उरले. एक, मागचा तंग काढूनच टाकायचा. सपाट मैदानावर फिरणाऱ्या, कधीही फास न टाकणाऱ्या माणसाला मी हेच सांगेन. त्यात कमीपणा काही नाही. दोन, ठेवायचा तर नीट लावायचा आणि घोडीला तो शिकवायचा. आमच्या वाटा टेकड्यांच्या. मी दुसरा मार्ग धरला.

दोरीपासून पुन्हा

बदामीच्या डोक्यात आता पोटाखालचा पट्टा म्हणजे संकट, हे घट्ट बसलं होतं. पहिल्या दिवशी मी नुसता हात कुशीकडे नेला तर तिची पाठ ताठ झाली, शेपूट दबली आणि कान मागे गेले. तिथं खोगिराचं नाव काढण्यात अर्थ नव्हता.

साठ फुटांच्या गोल कुंपणात, हातात सुती मऊ दोर घेऊन आम्ही सुरुवात केली. पहिले तीन दिवस फक्त हात आणि खरारा : खांद्यापासून पोटाखालून कुशीपर्यंत, ती सैल पडेपर्यंत. चौथ्या दिवशी दोर पोटाभोवती घेतला, गाठ न मारता, दोन्ही टोकं माझ्या हातात. हळूच आवळायचा, केसांना टेकेल इतकाच, आणि ती शांत उभी राहिली की लगेच सोडायचा. ती हलली तर सोडायचा नाही, तिच्याबरोबर चालायचं, आणि ज्या क्षणी पाय थांबतील त्या क्षणी सोडायचा. उलट केलं, म्हणजे ती उसळल्यावर सोडला, तर उसळलं की सुटका होते असं आपणच शिकवतो. गाठ न मारण्याचं कारण उघड आहे : काही बिनसलं तर दोर आपोआप गळून पडायला हवा.

सहाव्या दिवशी एक गोष्ट घडली ती मला अजून डोळ्यांपुढे दिसते. मी दोर कुशीकडे सरकवला. तिचा उजवा मागचा पाय उचलला गेला, तोच पाय. हवेत राहिला. मी दोर ना आवळला, ना सोडला. तिचा एक कान माझ्याकडे वळला. पाय हळूच खाली आला, खुराचं टोक आधी टेकलं, मग टाच. तिने लांब श्वास सोडला, ओठ चाटले. मी दोर सोडला आणि त्या दिवशी तिथंच थांबले.

पुढच्या आठवड्यात दोर पोटाभोवती घेऊनच चालणं, दुडकी, थांबणं, मागे सरकणं. मग जुन्या चामड्याचा एक पट्टा. मग दुरुस्त करून आणलेलं खोगीर, स्वाराशिवाय, दोन्ही तंग आणि जोडवादीसकट. खोगीर घालून तिला दुडक्या चालीने फिरवलं तेव्हा पहिल्या फेरीला पाठ थोडी उचलली, दुसरीला नाही. एकोणिसाव्या दिवशी मी वर बसले. गृहस्थ कुंपणाला टेकून उभे होते. काही बोलले नाहीत. मला तेवढं पुरलं.

या दिवसांत भाची प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून रोज कुंपणाबाहेर बसायची. तिला घोडीचा राग आला नव्हता. माझाही नाही. एकदा मात्र तिने विचारलं, "मावशी, तू मला त्या दिवशी आवळू का विचारल्यावर नको म्हणालीस. मी नीट आवळला असता तर?"

मी तिला खरं ते सांगितलं. "तर खूर आत गेला नसता. पण न शिकवलेल्या घोडीला पहिल्यांदाच टेकलेला पट्टा घेऊन उतारावर नेलं असतं, तर कदाचित वरच उसळली असती. तू विचारलंस ते बरोबर होतं. मी उत्तर द्यायच्या आधी थांबायला हवं होतं."

क्रम

हा भाग थोडक्यात, पण माझ्या तळव्यावरचा व्रण अजून तो आठवून देतो. खोगीर चढवताना पुढचा तंग आधी, मग मागचा, मग छातीचा पट्टा. उतरवताना बरोबर उलट : छातीचा पट्टा, मागचा तंग, आणि सगळ्यात शेवटी पुढचा. घोडा कितीही घाबरलेला असो, आपण कितीही घाईत असू. खोगीर घोड्यावर आहे तोवर पुढचा तंग हा शेवटचा सुटणारा दुवा. दहा मिनिटं चालल्यावर पुढचा पुन्हा तपासायचा, कारण घोडे कसताना पोट फुगवतात. आणि पुढचा एक भोक आवळला की मागचाही पुन्हा पाहायचा, कारण खोगीर खाली बसल्याने तो सैल झालेला असतो. नवीन चामडं ताणतं. आमच्या पलीकडच्या बाजूची नवी पट्टी पहिल्या महिन्यात पाऊण इंच लांबली. ती बाजू कोणी बघत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

त्याच उतरणीवर

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा तिथं गेलो. भाचीचं मनगट बरं झालं होतं, डॉक्टरांनी परवानगी दिली होती. ट्रेलरपाशी तिने खोगीर चढवलं. पुढचा तंग. मग वाकून मागचा, तिसऱ्या भोकात. जोडवादी ओढून पाहिली. तळहात सपाट करून पोट आणि पट्टा यांच्यामध्ये सरकवला, पलीकडे गेली, तिकडूनही सरकवला.

"उजेड दिसत नाही," ती म्हणाली.

"मीही बघते." मी वाकून पाहिलं. दिसत नव्हता.

उतरणीवर मी पुन्हा तिच्यामागेच होते. खोगिराची मागची कड पाठीला चिकटून होती, बदामीच्या पावलांबरोबर हलत होती, उचलत नव्हती. पट्टा स्थिर. निम्म्या उतारावर एक सीडरची फांदी तिच्या पोटाखालून घासत गेली. बदामीने कान मागे केला, पाय किंचित उचलला आणि पुढच्या थरावर टाकला. भाचीने लगाम सैल केला, मान थोपटली.

खाली सपाटीवर पोचल्यावर तिने खोगीर उतरवलं. छातीचा पट्टा, मागचा तंग, मग पुढचा. बदामीच्या पोटावर पुढच्या तंगाची रुंद ओली पट्टी होती, आणि तिच्यामागे एका विताच्या अंतरावर दुसरी, फिकट, एका बाजूपासून दुसरीपर्यंत सरळ.